कोरे मासे

प्रोफेसर बेर्टी वुइसान यांना चित्रांचं भारी वेड. विज्ञान गेलं खड्ड्यात, चित्र झकास आलं पाहिजे! डावीकडे काळामिट्ट मासा, उजवीकडे हिरवा चमचमणारा मासा, मध्ये पांढरी रेघ. असलं एक चित्र एखाद्या परदेशी मासिकाच्या मुखपृष्ठावर यावं, ते चौकट करून दिवाणखान्यात येशूच्या तसबिरीशेजारी टांगावं आणि चर्चमधून जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवावं, एवढी एकच त्या माणसाची इच्छा. फेमी काउनांगचं म्हणणं असं, की येशूनं क्रुसावर खूप सोसलं, पण हे शेजारपण त्यालाही सोसलं नसतं.

फेमी ही वुइसानसरांचीच विद्यार्थिनी. डॉक्टरेटसाठी पाच वर्षं ती त्यांच्या प्रयोगशाळेत एक रंग बनवत होती. रंग म्हणजे भिंतीला लावायचा नव्हे. पाण्यात थेंबभर टाकला की काचेसारखी आरपार दिसणारी माशांची पिल्लं तो पितात, आणि त्यांच्या अंगात जिथं पारा बसला असेल तिथं हा रंग त्याला चिकटतो आणि निळ्या दिव्याखाली हिरवा पेटतो. पारा नसेल तर गप्प राहतो. मासा चिरायला नको, मारायला नको. तो आपला पोहत असतो आणि मायक्रोस्कोपखाली त्याच्या अंगातलं विष उघडं पडतं. आमच्या मानाडो शहराच्या वरच्या डोंगरांत लोक परसात पिंपं फिरवून पाऱ्यात सोनं दळतात. तो पारा ओढ्यांतून खाली येतो आणि कुणाच्या पोटात जातो ते कुणालाच ठाऊक नसतं. फेमीनं सुरुवात केली तेव्हा रंग त्यासाठी होता. पुढे तो सरांच्या चौकटीसाठी झाला.

अडचण एकच होती. कोरे मासे कोरे राहत नव्हते.

कोरे मासे म्हणजे ज्यांना पारा मुळीच दिलेला नाही ते. एका टाकीत पारा घातलेली पिल्लं, दुसऱ्या टाकीत कोरी. पारेवाली पेटली पाहिजेत, कोरी काळी राहिली पाहिजेत, तर रंग खरा. इथं दोन्ही पेटत होती! पारेवाली जास्त, कोरी जरा कमी, पण पेटत होती. फेमीनं पाणी बदललं, काच बदलली, नळी बदलली, रंग पुन्हा पुन्हा गाळून घेतला. कोरी पिल्लं आपली हिरवी ती हिरवीच.

“याला रंग म्हणायचं?” वुइसानसर मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढत म्हणाले. “हे म्हणजे आमच्या गल्लीतलं कुत्रं झालं. चोर आला तरी भुंकतं, पाद्री आला तरी भुंकतं.”

“पुन्हा एकदा पाणी बदलून बघते, सर.”

“पाणी बदल नाहीतर डोकं बदल. नाहीतर असं कर, संगणकावर डावीकडचा मासा जरा काळा कर. कोण बघायला येतंय?”

“ते मी करणार नाही.”

“नाही ना? मग ऐक. जाकार्ताहून परीक्षक येतायत. त्यांच्यासमोर, भर सभेत, कोरे मासे काळे दिसले तर तू डॉक्टर. नाही दिसले तर हा रंग मोरीत ओतायचा आणि पहिल्या पायरीपासून शेवाळं मोजायला बसायचं. वय काय तुझं? तेहतीस ना? चाळिशीपर्यंत होशील डॉक्टर.”

आणि हसले. हसताना सरांचं पोट वेगळं हसायचं, तोंड वेगळं. फेमी “बरं” म्हणाली आणि मनातल्या मनात त्या पोटाला जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. तिच्या जिभेला हाड नाही असं तिची आई म्हणायची. पण पाच वर्षं जीभ दाताखाली धरून तिच्या जिभेला घट्टे पडले होते.

नुसते गुरू असते तर एकवेळ चाललं असतं. पण फेमीची धाकटी बहीण ओल्वी सरांची सून. त्यामुळे हा माणूस प्रयोगशाळेतही होता आणि रविवारच्या जेवणातही होता. ओल्वीला आठ महिन्यांची मुलगी, केझिया. गुबगुबीत, टकली, कुणाकडेही झेपावणारी पोर. तिच्याबद्दल फेमीला बोलायचं नसे, कारण बोलायला लागली की तिचा आवाज बदलायचा आणि ते तिला आवडायचं नाही.

आता अंड्यांचं सांगायला हवं. वुइसानसरांच्या घरी कोंबड्या होत्या, आणि चित्रांखालोखाल सरांचा अभिमान म्हणजे त्या कोंबड्यांची अंडी. माशांची पिल्लं जरा मोठी झाली की त्यांना भुकटी द्यायची असते, ती परदेशातून डब्यातून येते. सरांनी तो डबा कपाटात ठेवून वर कुलूप घातलं होतं. “डब्यातलं खाऊन माझी पोरं वाढली नाहीत आणि माझे मासेही वाढणार नाहीत,” असं म्हणून दर सोमवारी ते घरची अंडी घेऊन येत. अंडं उकडायचं, पिवळं फडक्यातून चोळून पाण्यात सोडायचं, पिल्लं तुटून पडायची. घरीही तेच. केझियाच्या वाटीत रोज एक पिवळा बलक, पेजेत कालवून. आल्यागेल्याला अंडी, पाद्र्याला अंडी, कुलगुरूंना नाताळात टोपलीभर अंडी. जगात इतर कोंबड्या आहेत याची त्या घराला गंधवार्ता नव्हती.

मग सर एका लग्नाला सांगिर बेटावर गेले, समुद्र खवळला, बोटी बंद पडल्या आणि सोमवारी अंडी आली नाहीत. फ्रिजमध्ये एकच शिल्लक होतं. फेमीनं नव्या पिल्लांसाठी कपाटाचं कुलूप चिमट्यानं उचकटलं आणि डबा फोडला. सर परतेपर्यंत ती पिल्लं डब्यातल्या भुकटीवर वाढली. गुरुवारी दुपारी तिनं त्यांच्या पाण्यात रंग टाकला, निळा दिवा लावला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

काळं. काळामिट्ट अंधार, आणि त्या अंधारात पिल्लाचं हृदय धडधडताना नुसतं पुसट जाणवत होतं.

तिला आधी वाटलं दिवाच गेला. दिवा चालू होता. तिनं ते शिल्लक राहिलेलं अंडं उकडलं, बलकाचा कण काचेवर घेतला, रंग टाकला. हिरवं पेटलं. मग धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून एक अंडं आणलं आणि तेही तसंच करून बघितलं. काळं.

फेमी खाली फरशीवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. रंग खरा होता! पहिल्या दिवसापासून खरा होता. ज्याला तिनं कधी पारा दाखवला नाही त्यातलाही पारा त्यानं हुडकला होता, आणि हा दीडशहाणा म्हातारा स्वतःच्या हातानं दर सोमवारी विष आणून तिच्या कोऱ्या माशांना चारत होता आणि वर तिच्याच रंगाला कुत्रं म्हणत होता. पाच वर्षं! तिला आनंदानं कुणालातरी मिठी मारावीशी वाटली, पण तिथं फक्त मासे होते.

तिनं ओल्वीला फोन लावायला घेतला. नाव काढलंही होतं. मग हात थांबला.

ओल्वीला सांगितलं की ओल्वी नवऱ्याला सांगणार, नवरा बापाला सांगणार. बाप गुपचूप अंडी बदलणार आणि सभेत उभा राहून म्हणणार, “मला पहिल्यापासून संशय होताच, मीच फेमीला म्हटलं की खाणं तपासून बघ.” तिची एक कल्पना त्यांनी अशीच एकदा गिळली होती, ढेकरही न देता. या वेळी नाही. या वेळी सगळ्यांसमोर, जाकार्ताच्या लोकांसमोर, त्यांच्याच अंड्यानं त्यांचं तोंड बंद करायचं. आणि पोरीचं काय? पोरीचं काय व्हायचंय! दात यायच्या आधीपासून तेच खातेय, चांगली धष्टपुष्ट आहे. बुधवारी सभा. तेवढ्यानं काय आभाळ कोसळणार आहे? फेमीनं फोन खिशात टाकला. हा विचार तिनं केला आणि केला तो पूर्ण केला, मध्येच कुठं अडखळली नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर ती नेहमीसारखी वुइसानांकडे जेवायला गेली. खरं तर कोंबड्या बघायला गेली. अंड्यात पारा आला कुठून ते तिला अजून कळलं नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय सभेत मजा नव्हती.

कळायला दोन मिनिटं लागली. परसात पूर्वी चिखल असायचा, तेव्हापासून ती तिकडं फिरकलीच नव्हती. आता तिथं राखी रंगाची बारीक वाळू पसरली होती, पायाखाली मऊ लागणारी, आणि कोंबड्या ती खसाखसा टिपत होत्या.

“काय फेमीबाई, कशी आहे आमची वाळू?” वुइसानकाकूंचा धाकटा भाऊ डेनी दारात दात कोरत उभा होता. डेनीची वरच्या गावात सोनं दळायची पिंपं होती, आणि गळ्यात जाड साखळी होती ती त्याच पिंपांची कृपा. “फुकटात दिली बहिणीला. चार गाड्या. पाच-सहा वर्षं झाली बघ, पाऊस कितीही पडो, चिखलाचं नाव नाही.”

“छानच आहे. कुठली?”

“कुठली म्हणजे? माझ्या पिंपांतली! सोनं निघालं की उरते ती. मैद्यासारखी दळलेली. कोंबड्यांना तर भारी आवडते, खडे लागतात ना त्यांना पोटात दाणे दळायला.”

“हो ना,” फेमी म्हणाली. “किती विचार केलायस रे तू!”

डेनी फुशारला. या घरात कुणाचीही स्तुती करा, ती कधी वाया जात नसे. पाऱ्यात घोळलेली वाळू परसात, वाळू कोंबडीच्या पोटात, कोंबडीच्या पोटातून अंड्यात, आणि अंडं टोपलीतून कुलगुरूंच्या नाताळात. फेमीला हसू आवरेना. ती आत गेली आणि हात धुण्याच्या निमित्तानं न्हाणीघरात जाऊन हसून आली.

टेबलावर धुरावलेला काकालांग मासा होता, मिरचीत लडबडलेलं डुकराचं मटण होतं, भोपळ्याची पेज होती. सर टेबलाच्या टोकाला बसून भरपूर जेवत होते.

“मग? बुधवारी काय दाखवणार?” त्यांनी तोंडात घास ठेवूनच विचारलं. “का मी आत्ताच शेवाळाच्या बरण्या धुवायला सांगू?”

“दाखवीन की, सर. तुम्ही पुढच्या रांगेत बसा म्हणजे झालं.”

“बघा बघा, कशी बोलते! अगं, कोरा मासा तरी काळा दिसणार का?”

“दिसेल.”

“संगणकावर केलंस वाटतं शेवटी? शहाणी झालीस.” त्यांनी सगळ्यांकडे बघून डोळा मारला. डेनी मोठ्यानं हसला, कारण तो नेहमीच हसायचा.

ओल्वी केझियाला कडेवर घेऊन आली. एका हातात वाटी. पेजेत कालवलेला पिवळाजर्द बलक, वर चमचा.

“ताई, भरवतेस का गं? माझ्या हातून खात नाही हल्ली, नुसती फुर्रर्र करते. तुझ्या हातून खाईल.”

केझियानं मावशीला बघितलं आणि दोन्ही हात पसरले. पोर मांडीवर आली. वाटी समोर आली. फेमीचा हात टेबलावरच राहिला.

“आत्ताच जेवलेय गं मी, हात खरकटे…”

“चमच्यानं भरवायचंय, ताई.”

“का गं?” टेबलाच्या टोकाकडून सर म्हणाले. “आमच्या अंड्यालाही नावं ठेवणार की काय आता? खाऊ घाल, खाऊ घाल. आमच्या घरचं खाईल तर प्रोफेसर होईल. नाहीतर जाईल मावशीच्या वळणावर.”

सगळे हसले. ओल्वीसुद्धा हसली, थोडीशी, नाइलाजानं. फेमीचे कान तापले. तिला वाटलं आत्ताच सांगावं. वाटी जमिनीवर आपटावी आणि सगळं सांगावं. पण मग बुधवार कुठला? मग हा माणूस इथंच, या टेबलावर, घासाबरोबर सगळं गिळून टाकेल आणि बुधवारी पोट पुढे काढून उभा राहील. तिनं चमचा उचलला. पोरीनं आ केला. पक्ष्याच्या पिल्लासारखा आ, त्यात खाली दोन दात. फेमीनं भरवलं. मग दुसरा चमचा. केझिया मन लावून खात होती, मध्येच तिच्या बोटाला धरत होती. वाटी पुसून पुसून रिकामी झाली.

“बघितलंस? तुझ्याच हातून खाते,” ओल्वी म्हणाली.

बुधवारी सभागृह भरलं. आमच्याकडे कुणाची पदवी असली की घरचे, दारचे, चर्चचे सगळे येतात, आणि खाऊचे डबे कमी पडले तर पदवीपेक्षा त्याचीच चर्चा जास्त होते. ओल्वी तिसऱ्या रांगेत बसली होती. केझिया आजीजवळ घरी. सर पहिल्या रांगेत, नवा बाटिकचा शर्ट, केस चोपडलेले. व्यासपीठावर जाकार्ताच्या रेत्नोबाई, बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि त्यांच्या बाजूला एक झोपाळू परीक्षक. मायक्रोस्कोपातलं सगळं भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होतं.

फेमीनं पहिली टाकी लावली. पारा घातलेली पिल्लं. हिरवी पेटली. लोकांनी “आहा” केलं. लोकांना हिरवं आवडतं.

दुसरी टाकी. कोरी, डब्यातल्या भुकटीवर वाढलेली. पडदा काळा. सर खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांच्या तोंडावर ती दिवाणखान्यातली चौकट दिसायला लागली.

“आणि ही तिसरी,” फेमी म्हणाली. “हीसुद्धा कोरीच. पारा यांना दिलेला नाही.”

पडदा हिरवा झाला. सभागृहात कुजबुज.

“पाच वर्षं माझे कोरे मासे असेच पेटत होते,” फेमी म्हणाली आणि तिचा आवाज असा छान लागला की तिला स्वतःलाच कौतुक वाटलं. “माझ्या गुरूंनी सांगितलं, तुझा रंग म्हणजे गल्लीतलं कुत्रं. मीही मान खाली घातली. गुरूंच्या घरची कोंबडीसुद्धा गुरूच ना! तर या पिल्लांना मी खायला काय घातलं? आमच्या सरांच्या घरची अंडी. जगप्रसिद्ध अंडी, इथं बसलेल्या अर्ध्या लोकांनी खाल्लेली. त्या कोंबड्या सोन्याच्या पिंपांतली वाळू टिपतात. सोनं काढून घेतलं, पारा राहिला, तो फुकट मिळाला म्हणून परसात पसरला. माझा रंग खोटं भुंकत नव्हता, सर. चोर दर सोमवारी टोपली घेऊन येत होता, आणि कुत्रं बिचारं जीव तोडून सांगत होतं.”

लोक हसले. आधी मागचे, मग सगळे. झोपाळू परीक्षक जागा झाला. रेत्नोबाईंनी चष्मा वर ढकलला. याच क्षणासाठी फेमी पाच वर्षं जगली होती. तिनं पहिल्या रांगेकडे बघितलं. आता हा माणूस लाल होणार, आता तो काहीतरी सारवासारव करणार, आणि त्याचं उत्तरही तिच्याजवळ तयार होतं.

वुइसानसर लाल झाले नव्हते. त्यांचा चेहरा पेजेसारखा पांढरा पडला होता.

“बलकात?” त्यांनी विचारलं. “पिवळ्यात?”

“हो, सर. पिवळ्यातच.”

त्यांनी खिशातून फोन काढला. घरी काकूंना लावला. लागला तेव्हा ते भर सभेत ओरडले, “भरवलंस का तिला? भरवतेयस? थांब! थांब म्हणतो ना! तोंडातलं काढ तिच्या. बोट घालून काढ. वाटी फेकून दे. नको विचारूस, फेक!” आणि फोन कानाला तसाच धरून ते रांगेतून निघाले. खाऊच्या डब्यांची चळत त्यांच्या गुडघ्याला लागून कोसळली. कुणाकडे बघितलं नाही, परीक्षकांना नमस्कार नाही, काही नाही. नवा शर्ट पाठीवर घामानं भिजला होता. आपली फजिती झाली हे त्या माणसाच्या लक्षातही आलं नव्हतं.

सभागृहात आता कुणी हसत नव्हतं. फेमीचं तयार उत्तर तोंडातल्या तोंडात राहिलं.

ओल्वी उभी राहिली होती. पर्स छातीशी धरून.

“ताई, तुला कधी कळलं हे?”

लोक बघत होते. आत्ताच, काल रात्री, असं म्हणता आलं असतं. पण फेमीला खोटं बोलता येत नसे. याच गोष्टीचा तिला तोरा होता, याच जोरावर ती सरांना तुच्छ समजत आली होती.

“गुरुवारी.”

“कुठल्या? रविवारच्या आधीच्या?”

“हो.”

ओल्वीनं मान हलवली, जशी दुकानात भाव ऐकून हलवतात. मग ती सासऱ्याच्या मागे निघून गेली. रांगेतल्या लोकांनी पाय बाजूला घेऊन तिला वाट दिली.

परीक्षकांनी पदवी दिली. दिली कसली, ओवाळून दिली. रेत्नोबाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, की ती तिसरी टाकी म्हणजे त्यांनी इतक्या वर्षांत बघितलेला सगळ्यात प्रामाणिक प्रयोग. प्रामाणिक! तिनं बाईंचे आभार मानले आणि सांडलेले खाऊचे डबे वेचायला खाली बसली.

शुक्रवारी वुइसानसर प्रयोगशाळेत आले. दाढी वाढलेली. कोंबड्या मारून पुरल्या होत्या, डेनीची वाळू उचलून नेली होती, डेनीचं या घरात येणं बंद झालं होतं. केझियाचं रक्त जाकार्ताला पाठवलं होतं. तिथून कधी काय कळेल ते तिथल्या लोकांनाच ठाऊक. सरांनी खिशातून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. आत कापसाची काडी होती.

“पोरीच्या गालाच्या आतून फिरवून आणलीय,” ते म्हणाले. “ओल्वी येणार नाही. मला म्हणाली, तुम्हीच घेऊन जा. तू बघ.”

“सर, मी…”

“तुझा रंग खरा आहे गं. मी मूर्ख होतो. आता बघ.”

हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून फेमी पाच वर्षं झुरली होती. आता मिळालं होतं तर ते ठेवायचं कुठं तेच तिला कळेना. तिनं काडी काचेवर टेकवली. पोरीच्या गालातल्या पेशी, जिवंत, चार-दोन थेंब पाण्यात. रंग टाकला. थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं देवाकडे मागितलं, की माझा रंग खोटा निघू दे, कुत्रं निघू दे, काय वाटेल ते निघू दे. मग निळा दिवा लावला आणि डोळा टेकवला.

“आहे का?” सरांनी मागून विचारलं.

“आहे, सर.”

ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

“किती आहे?”

“ते सांगता येत नाही.”

“सांगता येत नाही म्हणजे? थोडं आहे का फार? घाबरण्यासारखं आहे का?”

“पारा आहे की नाही एवढंच हा रंग सांगतो. किती ते त्याला कळत नाही. त्यासाठी मोजमाप बसवावं लागतं, ते आपण कधी बसवलंच नाही.”

“का नाही बसवलं?”

फेमीनं डोळा लावूनच ठेवला. काय सांगणार? चित्राला त्याची गरज नव्हती. हिरवं आणि काळं, मध्ये पांढरी रेघ. सरांना चौकट हवी होती, तिला सरांची जिरवायची होती, आणि दोघांनाही त्यापलीकडचं काही लागत नव्हतं.

“मी तुला कधी म्हटलंच नाही मोजायला,” सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

“मीही कधी विचारलं नाही, सर.”

सरांनी रिकामी बाटली उचलून खिशात ठेवली आणि घसा साफ केला. त्यांना अवघड जात होतं, तरी त्यांनी सांगितलं, कारण सांगून पाठवलेलं होतं.

“ओल्वीनं एक विचारायला सांगितलंय. म्हणाली, ताईला विचारा, यातलं रविवारच्या वाटीतलं किती?”